सय्यद अब्दुल रहीम

सय्यद अब्दुल रहीम (१७ ऑगस्ट १९०९ – ११ जून १९६३) हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक होते. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक आणि त्याच काळात भारतीय राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ (नवी दिल्ली) आणि १९६२ (जाकार्ता) या दोन आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथ्या स्थानावर राहिला. ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा तो आशियातील पहिला देश होता. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांना खेळाडू व क्रीडारसिक रहीम साहेब म्हणत. चेंडू एकट्याने पळवत नेण्याऐवजी जलद व अचूक पासांनी पुढे नेण्याची पद्धत त्यांनी भारतीय फुटबॉलमध्ये रुजवली.

प्रारंभिक जीवन

रहीम यांचा जन्म निजामाच्या राज्यातील हैदराबाद शहरात झाला. त्या काळी या राज्यात तेलंगणाबरोबरच मराठवाडा आणि कन्नड भाषक जिल्ह्यांचाही समावेश होता. रहीम यांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. १९१८ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणारी संस्था म्हणून प्रसिद्ध होते. रहीम तेथे कला शाखेचे विद्यार्थी होते आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळत असत. विद्यापीठातील आजी-माजी विद्यार्थ्यांच्या ‘इलेव्हन हंटर्स’ या संघाकडूनही ते स्थानिक सामन्यांत उतरले.

पदवीनंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या हैदराबादमधील शाळांत त्यांनी अध्यापन केले. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील क्रीडा उपक्रमांची जबाबदारी सांभाळली. एखादी गोष्ट सोप्या टप्प्यांत फोडून शिकवणे आणि ती अंगवळणी पडेपर्यंत तिचा सराव करून घेणे ही शिक्षकाची सवय त्यांच्या प्रशिक्षणातही कायम राहिली.

हैदराबाद फुटबॉल असोसिएशन

१९४३ मध्ये रहीम हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. शहरात फुटबॉलची आवड मोठी होती, पण खेळ बराचसा वैयक्तिक कौशल्यावर चालत असे. चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवत जाणे, म्हणजेच ड्रिब्लिंग, हाच उत्तम खेळाडूचा गुण मानला जाई. प्रेक्षकांनाही तेच आवडे.

रहीम यांनी ही सवय मोडण्यासाठी स्पर्धांच्या नियमांचाच उपयोग केला. त्यांनी होतकरू खेळाडूंसाठी ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या. अशा सामन्यात चेंडू मिळालेल्या खेळाडूला तो लगेच सहकाऱ्याकडे द्यावा लागे. त्यामुळे चेंडू येण्यापूर्वीच आपला सहकारी कोठे आहे हे पाहून ठेवणे भाग पडे. केवळ कमजोर पायाने खेळण्याच्या स्पर्धाही त्यांनी घेतल्या. उजव्या पायाने खेळणाऱ्याला डावा पाय वापरावा लागल्याने त्याला दोन्ही बाजूंना पास देता येऊ लागे. अशा उपक्रमांतून पुढील दोन दशकांत देशाला अनेक खेळाडू मिळाले.

हैदराबाद सिटी पोलीस

१९५० मध्ये रहीम यांच्याकडे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षकपद आले आणि मृत्यूपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. राज्य पुनर्रचनेनंतर हाच संघ आंध्र प्रदेश पोलीस या नावाने खेळू लागला. त्या काळी भारतीय फुटबॉलचे केंद्र कोलकाता होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या क्लबांकडे मोठा प्रेक्षकवर्ग आणि देशभरातून येणारे खेळाडू होते. हैदराबादच्या पोलीस संघात मात्र प्रामुख्याने स्थानिक मुले होती आणि पोलीस खात्यातील नोकरी हाच त्यांचा आधार होता. या संघाने १९५० च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत मोहन बागानला हरवून पहिले मोठे यश मिळवले. १९५४ आणि १९५७ मध्येही ड्युरँड चषक याच संघाने जिंकला.

संघाचा सर्वांत गाजलेला पराक्रम मुंबईत घडला. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा देशातील जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक होती. सुरुवातीची अनेक दशके तिच्यावर ब्रिटिश लष्करी संघांचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या भारतीय संघाने ते मोडले. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे हा चषक जिंकला आणि १९५७ मध्ये तो पुन्हा मिळवला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर जमणाऱ्या प्रेक्षकांना या निमित्ताने रहीम यांची पद्धत वर्षानुवर्षे जवळून पाहता आली.

राज्याच्या संघानेही हीच वाटचाल केली. संतोष चषक राष्ट्रीय स्पर्धेत हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवली. दोन्ही वेळा अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी मुंबईचा संघ होता.

खेळाची पद्धत

रहीम यांच्या पद्धतीचा पाया एका साध्या निरीक्षणावर होता. युरोपीय खेळाडूंच्या तुलनेत भारतीय खेळाडू उंची आणि शारीरिक ताकदीत कमी पडत. अंगाला अंग भिडवून चेंडू मिळवण्याच्या झटापटीत ते टिकत नसत. शिवाय देशातील सामने ९० मिनिटांपेक्षा कमी अवधीचे असत, त्यामुळे आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या अखेरच्या टप्प्यात दमछाक होई. चेंडू पायाशी कमी वेळ राहिला तर झटापटीचा प्रसंगच कमी येतो, आणि माणसाऐवजी चेंडू धावला तर दमही वाचतो. या विचारातून त्यांनी जलद पासांचा खेळ विकसित केला.

या खेळात चेंडू पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या स्पर्शात सहकाऱ्याकडे जाणे अपेक्षित असे. पहिल्या स्पर्शात चेंडू ताब्यात घ्यायचा आणि दुसऱ्या स्पर्शात तो द्यायचा. पास दिल्यानंतर खेळाडूने जागीच उभे न राहता मोकळ्या जागेकडे धावायचे, म्हणजे चेंडू मिळालेल्या सहकाऱ्याला पास परत देण्याचा पर्याय मिळतो. त्यामुळे चेंडूजवळ दोन-तीन खेळाडूंचा त्रिकोण सतत तयार होत राहतो आणि प्रतिस्पर्धी बचावपटूला नेमके कोणाला अडवावे हे कळत नाही. ही पद्धत दिसायला सोपी असली तरी ती अकरा जणांच्या परस्पर समजुतीवर चालते. एकाने जरी चेंडू अडवून ठेवला तरी पासांची साखळी तुटते. म्हणूनच संघनिवडीत रहीम वैयक्तिक चमकीपेक्षा शिस्तीला अधिक महत्त्व देत.

मैदानावरील रचनेबाबतही ते नव्या कल्पनांच्या शोधात असत. त्या काळात भारतात जुनी २-३-५ रचना आणि तिच्यापासून निघालेली ‘डब्ल्यू-एम’ रचना रूढ होत्या. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात हंगेरीच्या संघाने मधल्या आघाडीपटूला मागे ओढून युरोपातील बलाढ्य संघांना गोंधळात टाकले होते. रहीम यांनी या बदलांचा अभ्यास केला आणि त्यांतील आपल्या खेळाडूंना झेपेल ते उचलले. ४-२-४ रचना १९५८ च्या विश्वचषकातील ब्राझीलच्या विजयामुळे जगभर गाजली. भारतात तिचा वापर करणाऱ्या पहिल्या प्रशिक्षकांत रहीम यांची गणना होते.

सामन्याच्या तयारीत ते प्रतिस्पर्धी संघाचा खेळ बारकाईने पाहत आणि प्रत्येक खेळाडूला त्याचे काम स्वतंत्रपणे समजावून सांगत. खेळाडूंना त्यांच्या कडक शिस्तीचा धाक होता. सामन्यापूर्वीच्या त्यांच्या बोलण्याने संघात उत्साह संचारत असे, असे त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांनी नमूद केले आहे.

राष्ट्रीय संघ

१९५१ ची आशियाई क्रीडा स्पर्धा

पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत झाली. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३–० असे हरवून अंतिम फेरी गाठली. १० मार्च रोजी झालेल्या अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या गोलमुळे भारताने इराणवर १–० असा विजय मिळवला. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील भारताचे हे पहिले मोठे विजेतेपद होते.

१९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक

पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे भारताला युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा मोठा पराभव पत्करावा लागला. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी केला. संघातील अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. थंड आणि ओलसर मैदानावर ते टिकू शकले नाहीत. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालून खेळणे सक्तीचे केले. रहीम यांच्या दृष्टीनेही हा अनुभव निर्णायक ठरला. त्यानंतरच्या वर्षांत भारतीय संघाची बांधणी तरुण खेळाडूंच्या आधारे नव्याने झाली.

१९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक

मेलबर्नला गेलेल्या संघाचे कर्णधार समर (बद्रू) बॅनर्जी होते. नूर मोहम्मद, अझिझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन आणि तुळसीदास बलराम अशा हैदराबादच्या खेळाडूंचा संघात भरणा होता. आघाडीवर मुंबईकडून खेळणारे, मूळ गोव्याचे नेव्हिल डिसोझा होते. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली.

१ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व सामन्यात भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. शरीरयष्टीने दणकट असलेल्या या संघाविरुद्ध भारताने जलद पासांचा खेळ केला आणि सामना ४–२ असा जिंकला. नेव्हिल डिसोझा यांनी ९ व्या, ३३ व्या आणि ५० व्या मिनिटाला गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. चौथा गोल कृष्णस्वामी (किट्टू) यांचा होता.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही आणि त्यानंतर डिसोझा यांनी भारताला आघाडीही मिळवून दिली. मात्र काही मिनिटांतच युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली आणि सामना ४–१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३–० असे हरवले. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत ४ गोलांसह डिसोझा यांचा समावेश होता. हेलसिंकीत दहा गोल स्वीकारावे लागलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध चार वर्षांनी सामन्याच्या उत्तरार्धात घेतलेली आघाडी ही भारतीय संघाच्या प्रगतीची खूण मानली जाते.

१९६० चे रोम ऑलिंपिक

रोममध्ये पी. के. बॅनर्जी कर्णधार होते. गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असे संघ होते. भारत हंगेरीकडून २–१ आणि पेरूकडून ३–१ असा हरला, तर फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली. फ्रान्सविरुद्धचा गोल बॅनर्जी यांनी, तर उरलेल्या दोन सामन्यांतील गोल बलराम यांनी केले. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हेही या चमूत होते. भारतीय फुटबॉल संघाचा हा आजवरचा अखेरचा ऑलिंपिक सहभाग आहे.

१९६२ ची आशियाई क्रीडा स्पर्धा

जाकार्ता येथील चौथ्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या वेळी रहीम कर्करोगाने ग्रासले होते. संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी होते. पी. के. बॅनर्जी, गोस्वामी आणि बलराम या त्रयीवर आक्रमणाची भिस्त होती. मध्यफळीत गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको खेळत.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरवले. त्यानंतर भारताने थायलंडवर ४–१ आणि जपानवर २–० असे विजय मिळवले, पण थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके घालावे लागले. बचाव फळीत हेडरसाठी सतत उडी घेणे त्यांना धोक्याचे होते. त्यांना विश्रांती देण्याऐवजी रहीम यांनी उपांत्य सामन्यात त्यांना थेट मध्यवर्ती आघाडीपटू म्हणून उतरवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा हा सामना भारताने ३–२ असा जिंकला. गोस्वामी यांनी २ आणि जर्नेल सिंग यांनी १ गोल केला.

अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता आणि मैदानाबाहेरील वातावरण भारताविरुद्ध तापले होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा चळवळीतील भारतीय पदाधिकारी गुरु दत्त सोंधी यांनी त्याला जाहीर विरोध केल्यामुळे जाकार्तात भारतविरोधी निदर्शने झाली आणि भारतीय दूतावासावर हल्लाही झाला. गोलरक्षक पीटर थंगराज आजारी होते. तरीही अंतिम सामन्यासाठी रहीम यांनी त्यांनाच निवडले. सामन्याच्या आदल्या दिवशी आजारी प्रशिक्षकाने सुवर्णपदक ही एकच भेट आपल्याकडे मागितल्याची आठवण खेळाडूंनी पुढे सांगितली.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन मैदानावर सुमारे १ लाख प्रेक्षकांसमोर हा सामना झाला. बहुतांश प्रेक्षक भारताच्या विरोधात घोषणा देत होते. पाकिस्तानच्या हॉकी संघाने मात्र भारताला प्रोत्साहन दिले. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी आणि २० व्या मिनिटाला जर्नेल सिंग यांनी गोल केला. कोरियाने अखेरच्या मिनिटांत एक गोल फेडला, पण भारताने सामना २–१ असा जिंकला. पहिल्या सामन्यात पराभूत करणाऱ्या संघालाच हरवून भारताने दुसरे सुवर्णपदक मिळवले.

निधन

जाकार्ताहून परतल्यानंतर रहीम यांचा आजार बळावला. ११ जून १९६३ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी फुफ्फुसाच्या कर्करोगाने हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. अंतिम सामन्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांत भारतीय फुटबॉल आपल्या सर्वांत यशस्वी प्रशिक्षकाला मुकला.

वारसा

रहीम यांनी घडवलेल्या पिढीच्या जोरावर भारत १९६४ च्या आशियाई चषकात इस्रायलखालोखाल उपविजेता ठरला आणि १९७० च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने कांस्यपदक जिंकले. ते या स्पर्धेतील भारतीय फुटबॉलचे आजवरचे अखेरचे पदक आहे. १९६२ नंतर सुवर्णपदक पुन्हा मिळालेले नाही. यामुळे १९५१ ते १९६२ हा काळ भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग म्हणून ओळखला जातो.

त्यांच्या शिष्यांपैकी पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले. सय्यद शाहिद हकीम यांनी आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक म्हणून काम केले आणि २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. हैदराबादमधील फुटबॉलला मात्र रहीम यांच्यानंतर तशी भरभराट लाभली नाही. त्यांची पद्धत शालेय मुलांपासून सुरू होणाऱ्या स्पर्धांवर आणि वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या संघावर उभी होती. केवळ राष्ट्रीय शिबिरात काही आठवडे सराव करून तिची पुनरावृत्ती करणे शक्य नव्हते.

प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार भारत सरकारने १९८५ मध्ये, म्हणजे रहीम यांच्या निधनानंतर २२ वर्षांनी सुरू केला. दीर्घकाळ त्यांचे नाव फुटबॉलच्या जाणकारांपुरतेच मर्यादित राहिले. त्यांच्या जीवनावर आधारित ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. अमित शर्मा दिग्दर्शित या चित्रपटात अजय देवगण यांनी रहीम यांची भूमिका साकारली आहे. चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांच्या कार्याचा परिचय झाला.